फळ्यांवरची सम

आमच्या ह्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, हे लग्नानंतर वर्षभरातच माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याचं मला काही वाटलं नाही. बायकोचं ऐकू न येणं हा रोग सगळ्याच नवऱ्यांना असतो, अशी माझी समजूत होती. माझ्या वडिलांना तो होता, काकांना होता आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊजींना तर तो जन्मतःच असावा. मी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा आवाज चढवायची आणि तरीही काही झालं नाही तर भांडं आपटायची. भांडं आपटलं की हे वळून बघत. मला वाटे, या घरात माझ्यापेक्षा पातेल्याला मान जास्त.

खरं काय ते मला बांगड्यांमुळे कळलं. लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा हे संध्याकाळी दारासमोर सतरंजी टाकून तबला वाजवत बसायचे. मी मागून चहा घेऊन आले की न वळताच म्हणायचे, "ठेव तिथं." एकदा विचारलं, मी आले हे पाठीला कसं कळतं? तर म्हणाले, "तुझ्या बांगड्या सुरात हायेत." मी मूळची राजापूरकडची, आमच्याकडे नवरे असलं काही बोलत नसत, त्यामुळे तो दिवस मला फार गोड गेला. पुढे काही वर्षांनी अशीच एका संध्याकाळी मी चहा घेऊन मागे उभी राहिले. हे वळले नाहीत, बोललेही नाहीत. मी हात हलवला. परत हलवला, चांगला जोरात. चहावर साय धरली तरी मी तिथेच उभी होते आणि हे डग्ग्यावर बोट घासत समोर रेल्वेच्या रुळाकडे बघत होते.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. लग्नाआधी कित्येक वर्षं हे खडकीच्या बाजूला एका कारखान्यात टाक्या जोडायच्या कामावर होते. एकाने टाकीच्या आत बसून रिबिटाला, म्हणजे जोडाच्या खिळ्याला, टेकू द्यायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडा हाणायचा. हे अंगाने बारीक, म्हणून आत बसायचं काम कायम ह्यांच्याकडे. बाहेरच्याला ठोका ऐकू येतो, आतल्याच्या तो डोक्यात जातो. पिंपरीच्या नव्या कंपनीत पगार बरा, राहायला क्वार्टर, म्हणून इकडे आले, पण इथेही खातं पत्रे ठोकायचंच. कानात कापसाचे बोळे घालून जायचे आणि येताना ते खिशात असायचे. मी धुवायला सदरा घेतला की बोळे काढून ठेवायची. ते कशासाठी आहेत याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आम्ही राहायचो ती कंपनीची कॉलनी माळावर होती. एका अंगाला मुंबई-पुण्याचा रस्ता, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ, मधे कौलारू क्वार्टरच्या ओळी. दूध नदीपलीकडून काळेवाडीहून यायचं. माणसं मात्र सगळ्या मुलखांतून आलेली. कोणी साताऱ्याचं, कोणी लातूरकडचं, कोणी माझ्यासारखं खाली कोकणातलं. गणपतीत एकच आरती पाच चालींत ऐकावी लागे. आम्ही कोकणातली माणसं झांजांसकट घाईत, देशावरचे सावकाश आणि मराठवाड्यातले शेवटच्या शब्दाला असा हेल देत की बाकीच्यांची पुढची ओळ सुरू झालेली असे. गणपती सहनशील दैवत आहे म्हणूनच ते निभलं.

आणि आमचा भोंगा. पाळी बदलताना आणि दिवसा-रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीला तो वाजायचा, आणि कॉलनी कंपनीला इतकी चिकटून की तो वाजत असताना दुसरं काही ऐकू येणं शक्यच नसायचं. त्यामुळे सगळ्या कॉलनीला एक खोड लागली होती. भोंगा सुरू झाला की माणूस जिथे असेल तिथे बोलायचं थांबायचा. शब्द अर्धा असेल तर अर्धाच ठेवायचा. भोंगा संपला की उरलेला अर्धा बोलायचा. नळावरची भांडणंसुद्धा अशीच थांबत आणि एकही शिवी न गाळता पुढे चालू होत. नवा पाहुणा आला की तो वेड्यासारखा आमच्या तोंडाकडे बघत राही.

या कॉलनीत मी गणपतीचा मेळा बसवायची. मेळा आताच्या मुलांना सांगावा लागतो. दहा-पंधरा मुलं, त्यांत मुलीच जास्त, एकसारखे कपडे, दोन रांगांत उभे राहून त्या त्या वर्षाची पदं म्हणायची, मधे थोडे संवाद, एखादी कवायत. साथीला पेटी आणि तबला. पुण्यातले मोठे मेळे तेव्हा बंद पडत चालले होते, पण आमच्या माळावर ते नुकतेच सुरू झाले होते. पदं मीच लिहायची. मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई कॉलनीत मी एकटीच नव्हते, पण यमक जुळवायचा आगाऊपणा माझ्यातच होता. आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी मी नव्या पैशावर एक पद लिहिलं होतं आणि एक नळावर:

*नळबाई नळबाई, उघडा ना डोळा,*
*हंडे-कळशा रांगेत झाल्या की हो गोळा!*

तबल्यावर हे. पेटीवर पिंपरी गावात सायकलचं दुकान असलेले एक भाई. त्यांचं घराणं गावातलंच, जुनं. दिवसभर पंक्चर काढायचे आणि संध्याकाळी हात रॉकेलने स्वच्छ करून पेटी घेऊन यायचे. हे आणि भाई यांची मैत्री अशी की दोघं तासभर शेजारी बसले तरी बोलणं चार वाक्यांचं.

तबला म्हणजे ह्यांचा जीव होता, हे मी वेगळं सांगायला हवं. गावच्या देवळात भजनात शिकलेला हात. कंपनीत ते पत्रा ठोकणाऱ्यांतले एक होते आणि घरी तसे अबोल. पण गणपतीचे दहा दिवस मुलं त्यांना 'तबलेवाले काका' म्हणून ओळखायची, रस्त्यात थांबवून ठेका बोलून दाखवायची आणि हे वाकून, हसून त्यांची चूक दुरुस्त करायचे. त्या दहा दिवसांवर हे वर्षभर जगतात असं मला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

नागपंचमी झाली की तालमी सुरू व्हायच्या. त्या वर्षी पहिली तालीम आमच्याच क्वार्टरमध्ये होती. भाईंनी पेटीवर सूर धरला आणि हे तबला सुरात लावायला बसले. छोट्या हातोडीने बाजूचे लाकडी गट्टे ठोकत तबला चढवायचा, मधेच चाटेवर, म्हणजे काठावर, बोट मारून बघायचं, परत ठोकायचं. तबला सुरात आला. मला सुद्धा कळलं. भाई म्हणाले, "बस, भाऊ." हे ठोकतच राहिले. भाई परत म्हणाले, "भाऊ, बस की." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आणखी दोन ठोके बसले आणि तबल्यावरची कातडी पुडी टर्रकन फाटली.

"पुडी जुनी झाली हुती," हे म्हणाले. पुडी तर त्याच आषाढात पुण्याहून नवी घालून आणलेली होती.

दुसरा तबला मागून आणला, तालीम झाली. ती आणखी वाईट. पद संपलं तरी ठेका चालूच. पोरांचे बारीक आवाज, त्यात पेटी त्याहून बारीक. ओळ कुठे संपते हे ह्यांना कळत नव्हतं. मागच्या रांगेतला एक मुलगा फिसकन हसला. मी त्याला असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. कॉलनीच्या गणपतीचे सेक्रेटरी कचेरीत कारकून होते, पुण्याचे, माणूस वाईट नव्हता. दारातून सगळं बघून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, गैरसमज नको. पण मागच्या वर्षी भोंग्याच्या वेळेला काय झालं, तुम्हाला आठवतंय. यंदा पाहुणे मोठे आहेत. यंदापुरता पुण्याहून तबलजी आणू या का?"

मागच्या वर्षी काय झालं होतं, तर मेळा चालू असताना जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, खोडीप्रमाणे सगळी मुलं पदाच्या मधेच थांबली, आणि भोंगा संपल्यावर पहिल्या रांगेने धृपद धरलं आणि दुसऱ्या रांगेने अंतरा. लोक पोट धरून हसले. त्यात ह्यांचा काही दोष नव्हता. पण एकदा माणसाकडे बोट वळलं की मागचं सगळं त्याच्याच खाती जमा होतं.

सेक्रेटरींचं बोलणं ह्यांना ऐकू गेलं नाही, पण दिसलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण हे तोवर माणसांची तोंडं वाचायला शिकले होते. सगळे गेल्यावर त्यांनी तबला-डग्गा माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवर, पत्र्याच्या ट्रंकेमागे सारून दिले. म्हणाले, "यंदा ओव्हरटाइम हाय. जमायचं न्हाई."

ओव्हरटाइम नव्हता. आणि ट्रंकेमागे गेलेली वस्तू आमच्या घरात परत खाली येत नाही, हे मला माहीत होतं. तबला गेला असता तर त्याच्यामागोमाग ह्यांचं मुलांशी हसणं गेलं असतं, भाईंशी असलेली ती चार वाक्यं गेली असती आणि उरला असता तो कापसाचे बोळे खिशात घालून येणारा माणूस. मला त्या फळीकडे बघवेना. रागही आला. ह्यांचा, सेक्रेटरींचा, त्या टाकीबाहेर हातोडा मारणाऱ्या कोणाचा तरी. मी त्या दिवशी पिठलं इतकं तिखट केलं की दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. कोणाला काही विचारायचा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरळ भाईंच्या दुकानी गेले. बाईमाणूस सायकलच्या दुकानात उभं राहिलेलं बघून रस्त्यावरचे दोघं थांबले, त्यांना भाईंनीच पुढे घालवलं. मी म्हटलं, "भाई, एक सांगायचंय, पण कुठे बोलू नका. ह्यांना ऐकू..."

"मला ठावं हाय, वहिनी," भाई ट्यूबला ठिगळ लावत म्हणाले. "मागल्या गणपतीतच कळलं. भाऊंना जाडा आवाज घावतो, बारीक न्हाई घावत. डग्गा घावतो, पेटी न्हाई. म्हणून तर समेला मी एवढी मान हलवत हुतो. तुमी बघितलं न्हाई व्हय?"

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा आणि वाजवणारा कुठेही भटकले तरी तिथे भेटायचं असतं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही रंगात येता."

"रंगात कुठलं! मान मोडायची येळ आली हुती."

मला हसूही आलं आणि रडूही. वर्षभर हा माणूस मित्रासाठी मान हलवत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. भाई म्हणाले, "पर आता मानेनं भागायचं न्हाई. तुमी भाऊंच्या मागं बसा आन पाठीवर हातानं सम द्या. बास."

"चार लोकांत?" मी म्हटलं. माझे कान तापले. त्या काळी नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही, त्याच्या शेजारून चालायचं नाही, आणि भाई म्हणतात पाठीवर हात ठेवा! भाईंनाही बोलल्यावर ते उमगलं असावं. ते एकदम पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला लागले.

उपाय सुचला तो मालगाडीमुळे. आमच्याकडे एक लाकडी खाट होती, हे कामावरून आले की तिच्यावर आडवे व्हायचे. आडवे झाले की मधेच म्हणायचे, "गाडी आली." मी दाराशी तांदूळ निवडत बसलेली असायची, मला काहीच ऐकू येत नसायचं, आणि मग जरा वेळाने खरंच गाडी यायची. हे इतक्या वेळा झालं होतं की मला त्याचं नवल उरलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, अगदी समोर जाऊन, "तुम्हाला आधी कसं कळतं?"

"खाटंतनं कळतंय," हे म्हणाले. "लाकूड सांगतंय."

मग मी फार काही विचार केला नाही. सेक्रेटरींना गाठलं. मेळ्याचं स्टेज दरवर्षी कंपनीतल्या रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून करायचे. ते यंदा आत्ताच, तालमींसाठीच शेडमध्ये बांधून द्या, म्हटलं. का, तर यंदा पदांत पाऊल आहे, मुलींना फळ्यांवरच सराव हवा. आणि पुण्याचा तबलजी रोज तालमीला येणार आहे का? नाही ना? मग तोवर आमच्याच माणसाला बसू दे. सेक्रेटरींनी मान डोलावली. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा फळ्या टाकणं त्यांना सोपं वाटलं असेल.

मुलींना मी सांगितलं, प्रत्येक समेला उजवा पाय फळीवर असा आपटायचा की पिंप बोललं पाहिजे. आणि सगळ्यांनी काकांच्या हाताकडे बघायचं. लोकांकडे नाही, माझ्याकडे नाही, काकांच्या हाताकडे. पुढच्या रांगेत मधोमध एक लातूरकडची मुलगी उभी असायची, बारा-तेरा वर्षांची, काळीसावळी, हट्टी. तिला सांगितलं, ओळ संपायच्या आधी तू डावा हात वर करायचास. तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मेळ्याला शोभा येते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की या पोरीला सगळं कळलंय हे मला कळलं. पण ती एवढंच म्हणाली, "काकू, आतापासूनच माझा पाय दुखायलाय."

राहिले हे. त्यांना आणायचं काम भाईंनी केलं. येऊन आमच्या उंबऱ्यावर बसले, चहा घेतला आणि मोठ्याने, तोंड ह्यांच्याकडे करून म्हणाले, "भाऊ, तुमी येत नसाल तर मी पण पेटी बांधून ठेवतो. मला दुसऱ्याची सवय न्हाई." ह्यांनी कप खाली ठेवला. मग स्टूल ओढून वर चढले. ट्रंक सरकवल्याचा आवाज आला तेव्हा मी चुलीपुढे बसून डोळे पुसत होते. धूर होताच, त्यामुळे बरं झालं.

भाईंनीच तबल्यावर नवी पुडी घालून आणली आणि शेडमध्ये हे फळ्यांवर मांडी घालून बसले. भाईंनी हातोडी उचलली आणि "पेटी माझ्याजवळ हाय, मीच लावतो," म्हणत तबला सुरात लावून दिला. पद सुरू झालं. पहिल्या समेला पंधरा उजवे पाय फळीवर पडले. ह्यांचा हात थबकला. त्यांनी खाली फळीकडे पाहिलं. दुसरी सम आली, तशीच, मांडीखालून. मग त्यांनी मान वर करून मुलींच्या पायांकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं आणि शेवटी शेडच्या कोपऱ्यात मी उभी होते तिथे पाहिलं. मी पटकन पदांच्या कागदात डोकं घातलं. मला ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. तिसऱ्या समेला त्यांचा हात असा पडला की फळीवरची धूळ उडाली.

त्यानंतर आमच्यात या गोष्टीवर एक अक्षरही झालं नाही. ते सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. तालमी मात्र रंगायला लागल्या. मुलींच्या टाचा सुजल्या, आया माझ्याकडे तक्रारी घेऊन आल्या, मी प्रत्येकीला तिळाच्या तेलाची वाटी आणि दोन शब्द देऊन परत पाठवलं. शेवटी शेवटी तर मुली डोळ्यांनीच गात होत्या असं म्हणायला हरकत नाही. काकांचा हात उठला की तोंड उघडायचं, हात पडला की पाय. हे त्यांच्या पायांवर आणि त्या ह्यांच्या हातावर. पुण्याच्या तबलजीचं नाव सेक्रेटरींनी पुन्हा काढलं नाही, पण "बघू, कार्यक्रमाच्या दिवशी काय होतं," असं एकदा त्यांच्या तोंडून निघालंच. ते ह्यांनी वाचलं. मी ऐकलं.

आमचा कार्यक्रम गौरी गेल्यानंतरच्या दिवशी होता. फळ्या आणि पिंपं शेडमधून उचलून कंपनीच्या फाटकासमोरच्या मैदानात मांडली होती, वर कंदील, मागे गणपती. सेक्रेटरींनी वेळेचा हिशोब पक्का केला होता. आधी पाहुण्यांचं भाषण, मग मेळा आणि मेळा आटपला की जेवणाच्या सुट्टीचा भोंगा. पण मोठ्या माणसाच्या हातात माईक गेला की तो सुटत नाही. पाहुणे कष्टांचं महत्त्व सांगत राहिले. दिवसभर कष्ट करून आलेली माणसं ऐकत राहिली. सेक्रेटरी घड्याळाकडे आणि कंपनीच्या छपराकडे आळीपाळीने बघत घामाघूम झाले. मेळा स्टेजवर चढला तेव्हा ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, भोंगा मधेच येणार. एक-दोन पदं गाळा."

मी म्हटलं, "एकही गाळणार नाही." हा माझा नुसता तोरा होता. आज फजिती झाली असती तर बोट कोणाकडे वळणार हे ठरलेलंच होतं, आणि तबला पुन्हा ट्रंकेमागे गेला असता तर कोणीच, भाईसुद्धा, त्याला खाली आणू शकले नसते.

देवाचं पद झालं, नव्या पैशाचं झालं. लोक हसत होते, टाळ्या देत होते. नळबाईचं पद धरलं. दुसरा अंतरा निम्म्यावर आला आणि भोंगा सुरू झाला.

मैदानातला गलका एकदम गिळला गेला. माझ्या शेजारी दोघी कुजबुजत होत्या, त्या सवयीने शब्द अर्धा टाकून थांबल्या. मी स्टेजकडे बघितलं. मुली थांबल्या नव्हत्या. पंधरा तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि एकातूनही काही बाहेर येत नव्हतं. भाईंची बोटं पेटीवर फिरत होती, मुकी. लातूरकडच्या मुलीच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. पाय उठत होते, फळीवर पडत होते आणि तेही मुके. फक्त हालचाल. ओळखीची, जिव्हाळ्याची माणसं समोर आहेत, जीव तोडून गाताहेत आणि आपल्यापर्यंत काही पोचत नाही. या माणसाशी इतकी वर्षं मी भांडी आपटत संसार केला होता आणि तो कुठे राहतो हे मी आज पहिल्यांदा पाहत होते.

सगळ्यांत शांत हे होते. मांडी घालून, डोळे मुलींच्या पायांवर, हात रोजच्यासारखे.

भोंगा ओसरत गेला. त्याच्या शेपटीतून आधी डग्गा वर आला, मग पेटी, मग मुलींचे आवाज, सगळे एकाच ओळीवर, एकाच शब्दावर, आणि नेमका त्याच वेळी सगळ्यांचा उजवा पाय फळीवर आदळला. क्षणभर मैदानाला कळलंच नाही. मग जे काय ओरडले लोक! जेवणाच्या सुट्टीत फाटकातून बाहेर आलेले कामगारसुद्धा टोप्या उडवायला लागले. सेक्रेटरी खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढचं धृपद सबंध मैदानाने म्हटलं.

नंतर मी त्या मुलीला कुशीत घेऊन विचारलं, "का गं, थांबली नाहीस?" ती म्हणाली, "काकांचा हात चालूच होता की. मग आमी कशाला थांबावं?" आणि पलीकडे भाई ह्यांना हातवारे करून तेच विचारत होते. हे म्हणाले, "पोरींचे पाय चालूच हुते. मग मी कशापायी थांबू?"

आरती झाली, पाची चालींत. प्रसाद वाटला. भाई पेटी सायकलला बांधून गावाकडे गेले आणि आम्ही क्वार्टरकडे निघालो. रीतीप्रमाणे हे पुढे आणि मी मागे, बायकांच्या घोळक्याबरोबर. तबला ह्यांच्या काखेत, डग्गा पिशवीत. रस्त्याच्या वळणावर हे थांबले. मी जवळ येईपर्यंत थांबूनच राहिले, हे कधी झालं नव्हतं. मी काही बोलले तर दिसावं म्हणून कोणाच्या तरी ओट्यावरच्या कंदिलाच्या उजेडात उभे राहिले.

"भोंगा वाजत हुता तवा बघितलंस का सगळ्यांकडं?"

मी मान हलवली.

"तोंडं हलत्यात, आवाज न्हाई," ते म्हणाले. मग काखेतला तबला नीट धरत, दुसरीकडे बघत म्हणाले, "मला रोजच तसं असतंय गं."

इतके दिवस मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. धीराचं, समजुतीचं, डॉक्टरचं. तोंडाळ बाई मी, पण त्यातलं काहीच कामाचं नव्हतं, आणि ते तर माझ्याकडे बघतही नव्हते. मागून कॉलनीच्या सगळ्या बायका येत होत्या. मी पदर खोचला, पुढे झाले आणि ह्यांच्या पाठीवर उजवा हात ठेवला. ते दचकले. मी बोटांनी नळबाईच्या पदाचा ठेका धरला, हलका, आणि फिरून जिथे सम आली तिथे तळवा टेकवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा समेला त्यांची मान हलली.

मागच्या बायकांची कुजबुज थांबली होती. बघू देत बघायचं तर. आम्ही तसेच, शेजारी शेजारी, घरापर्यंत चालत गेलो.